सारंगी, ओसरी आणि पिठलं

आमचे आबा गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साडेआठला वारले आणि साडेनऊला त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. यातल्या पहिल्या गोष्टीची जबाबदारी माझी.

झालं असं, की आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना रेडिओ बंद पडला. आमच्या मोताळ्यातल्या शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झाल्यापासून ते रोज त्यावर शास्त्रीय संगीत ऐकत आणि ऐकता ऐकता जेवत. रेडिओ गेला आणि जेवण दोन भाकरींवरून अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टर म्हणाले, प्रकृती चांगली आहे, फक्त नीट जेवा. आबा म्हणाले, "मंग जेवाले काऊन सांगून राह्यला तो?" मला मात्र ताटात उरलेल्या त्या दीड भाकरीकडं बघवेना.

"जगभरचं शास्त्रीय संगीत घरी आणतो!" मी जाहीर केलं. (बायको माहेरी, बीबी नावाच्या गावी गेली होती. ती असती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं ती अजून सांगते.) मोबाइलमध्ये रेडिओचं ॲप घेतलं, भलाथोरला स्पीकर आणला आणि आबांना ओसरीत आरामखुर्चीवर बसवलं.

पहिलं स्टेशन युरोपातलं निघालं. पन्नास व्हायोलिनं एकदम तुटून पडली.

"हे काऊन भांडून राह्यले?" आबांनी विचारलं.

"भांडण नाही आबा, सिंफनी आहे."

"मिटलं का सांगजो मंग."

दुसऱ्या स्टेशनवर निवेदक कलावंताच्या घराण्याची ओळख करून देत होता. तो पणजोबांपर्यंत पोचला तेव्हा आबांना डुलकी लागली. तिसऱ्यावर सकाळी आठ वाजता यमन, म्हणजे संध्याकाळचा राग! "त्याच्याकडं दिवेलागण झाली असंन," आबा म्हणाले. "माही अजून आंघोळ व्हायची आहे."

चौथ्यावर सारंगी लागली. विलंबित, एकटी. आबांनी पांढरी चादर हनुवटीपर्यंत ओढली, डोळे मिटले आणि ते निश्चल झाले. माझा ऊर भरून आला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी आवाज पूर्ण सोडला.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आमच्या गल्लीतल्या जुन्या माणसांनी रेडिओवर लांबलचक सारंगी ऐकलेली, ती फक्त कुणी मोठा पुढारी गेल्यावर. सारंगी म्हणजे दुखवटा!

समोरचे गजाननराव टोपी हातात घेऊन आले आणि न बोलता खाली बसले. "या न!" मी म्हणालो. त्यांनी नुसता माझा खांदा दाबला. मग शेजारचे दोघं आले. मग चार बाया. मी चकित! मोताळ्यात शास्त्रीय संगीताची एवढी जाण? कुणी खोकत नव्हतं, कुणी मोबाइल बघत नव्हतं. (मोठ्या शहरांतल्या मैफली मी पाहिल्यात, तिथं पहिल्या रांगेत उद्‌घाटक घोरतो.) सुमनकाकू तर पदरानं डोळे पुसत होत्या.

मी नम्रपणे म्हणालो, "आहेच तसं, काकू. अजून चारशे स्टेशनं आहेत."

काकूंनी हंबरडा फोडला. "पोराच्या डोक्यावर परिणाम झाला वं माय!"

गजाननराव माझ्या कानाशी आले. "भाऊ, लाकडं सांगून आलो मी. अकोल्याले ताईले फोन केला का?"

"लाकडं? काऊन?"

त्यांनी आबांकडं बोट केलं. नेमकी तेव्हाच सारंगी थांबली आणि आबांनी डोळे उघडले.

"बंद काऊन केली बे?"

सगळी ओसरी एका उडीत अंगणात गेली!

उलगडा झाल्यावर लोक ओशाळून निघू लागले. आबांनीच अडवलं. "आले आहा त बोलून जा. माह्याबद्दल काय सांगणार होते?"

मग सुमनकाकू हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मले शाळेत पाठवावं म्हून तुम्ही माह्या बापाशी तीनदा भांडले. तेच सांगणार होती मी."

आबा चादरीचं टोक उगीच सारखं करत राहिले. मग काकूंच्या हातातल्या टोपलीकडं पाहून म्हणाले, "अन् ते काय झाकून आणलं?"

"पिठलं-भाकरी."

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी जेवण देतात. आणि काकू कोणत्याच कामाला उशीर करत नाहीत. आबांनी आपल्याच सुतकाच्या दोन भाकरी खाल्ल्या. वर कांदा मागितला.

आता सारंगी रोज लागते. गोंधळ नको म्हणून मी फाटकावर पाटी लावली आहे : 'आबा ठणठणीत आहेत. रेडिओ चालू आहे.' चारशे स्टेशनं धुंडाळून मी गावात केलेलं संगीतकार्य ते एवढंच. त्याखाली आबांनी खडूनं, शाळेतल्या वळणदार अक्षरात, भर घातली आहे : 'मुलाकडे लक्ष देऊ नये. पिठलं चालेल.'