दुसरा रकाना

सोमवारी दुपारी मी ऑकलंडच्या पापाकुरा स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा सुनंदावहिनींचा फोन आला. शिरीष ऑपरेशन टेबलवरच गेला... सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता आपलं खोटं दुरुस्त करायची सोय उरली नाही.

ते खोटं समजायला शिरीषला आधी मैदानावर नेऊन बसवायला हवं. पुण्यात खो-खो खेळलेला, इथे येऊन वर्षानुवर्षं पुलांची डिझाइन्स करणारा हा गंभीर इंजिनिअर. २०१८च्या अखेरीस ऑकलंडला व्यावसायिक बेसबॉल सुरू झालं आणि माझा मित्र कामातून गेला. उंच फटका बसला की सगळं मैदान उभं राहायचं. हा मात्र पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेला, नजर पहिल्या बेसवरच्या धावणाऱ्याच्या टाचेवर. चेंडू टाकणाऱ्याची नजर जरा हलली, की धावणारा फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे सुटतो. याला बेस, म्हणजे टप्पा, चोरणं म्हणतात; पोचायच्या आत चेंडूने गाठलं तर तो पकडला गेला, बाद. सगळ्यांत जास्त बेस कोणी चोरले, याची यादी हंगामभर चालते आणि शिरीषला त्या यादीपलीकडे जग नव्हतं. "टाच उचलली... गेला बघ," असं तो पुटपुटायचा आणि तो खरंच गेलेला असायचा. पुढच्या रांगेतले एक गोरे आजोबा मागे न बघताच हात पसरायचे, पोहे घ्यायचे आणि "स्वीट ॲज", म्हणजे फर्मास, म्हणायचे.

यादी शिरीष स्वतःच्या वहीत लिहायचा. प्रत्येक नावापुढे दोन रकाने : ‘चोरला’ आणि ‘पकडला’. फजिती कशाला लिहून ठेवतोस, म्हणून मी त्याला छळायचो. एकदा वही मिटून म्हणाला, "मन्या, बेसवर पाय रोवून उभा राहतो त्याला कोण पकडणार? पकडला गेला म्हणजे निघाला तरी होता."

आमचा लाडका सात नंबरचा बुटका पोरगा. शेवटच्या सामन्याआधी यादीत तो आणि दुसऱ्या संघातला एकजण बरोबरीत होते. आणखी एक बेस चोरला की आमचा गडी एकटा सगळ्यांत वर. नेमका सामन्याच्या रविवारीच शिरीष हॉस्पिटलात, सोमवारी सकाळी हृदयाचं ऑपरेशन. सात नंबर पहिला आला तर मी हसत आत जाईन, असं त्याने वहिनींना सांगून टाकलेलं.

मी एकटाच गेलो. सात नंबर निघाला, फार सुंदर निघाला... आणि बोटभर अंतरावर पकडला गेला.

पार्किंगमधून शिरीषला फोन लावला आणि माझ्या अंगात रंगभूमी संचारली. मी धूळ उडवली, ‘सुखरूप पोचला’ म्हणून पंचाचे दोन्ही हात आडवे केले, गर्दीला तर इतकं ओरडायला लावलं की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली. शिरीष शांतपणे ऐकत होता.

"आधी हात टेकला की पाय?" त्याने विचारलं.

"हात," मी ठोकून दिलं.

"हेल्मेट उडालं असेल."

"कुठच्या कुठे!"

"वा... अजून सांग."

मी अजून सांगितलं. झकास झालं, आता पडतो जरा, म्हणाला. ते आमचं शेवटचं बोलणं.

नंतरचे तीन आठवडे मी वहिनींच्या नजरेला नजर दिली नाही. लोकांना वाटलं, बडबड्या माणसाची वाचा दुःखाने बसली. शेवटी एका शनिवारी गेलो आणि चहा हातात यायच्या आत सगळं ओकलो. जाणाऱ्या माणसाला मी थाप मारली, वहिनी.

त्या उठून आत गेल्या आणि वही घेऊन आल्या.

"नर्सने फोनवर सामना लावून दिला होता, भावजी. ह्यांनी सगळा बघितला. तुमचा फोन आला तेव्हा स्पीकर लावला आणि तोंडात चादर कोंबून हसत होते. मी म्हटलं, पुरे करा, टाके घालायच्या आधीच उसवाल." मग म्हणाल्या, "सकाळी आत नेतानाही तेच चाललेलं. हेल्मेट कुठच्या कुठे, म्हणे."

वही आता माझ्या टेबलावर असते. शेवटच्या पानावर सात नंबरपुढे, दुसऱ्या, ‘पकडला’च्या रकान्यात, मोजणीची नवी काडी आहे. आणि यादीच्या तळाशी, हॉस्पिटलच्या पेनने लिहिलेलं एक नाव : मन्या. पहिला रकाना कोरा. दुसऱ्यात एक काडी, चांगली ठसठशीत.