बोट का सोडतोस?

इंटरव्ह्यूच्या तयारीबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही वही-पेन घेऊन बसला असाल, तर ठेवून द्या. टिप्स मिळणार नाहीत. मी नकला करतो हे ज्यांना माहितीय ते आत्ताच हसायच्या तयारीत असतील, त्यांनीपण जरा दमानं घ्या. आणि वसई किल्ल्याच्या बाजूची गोष्ट म्हणून कोणी भुताची वाट बघत असेल, तर भूत नाही. यातली सगळी माणसं जिवंत आहेत. मला तेच जास्त जड जातं.

माझा शाळेतला मित्र पाचूबंदरचा. बारावीनंतर वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर जायला लागला. त्याला सातिवलीतल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचची नोकरी हवी होती. आईला अर्धंमुर्धं माहीत, वडिलांना काहीच नाही. त्या फेरीला तो दाढ दुखते सांगून घरी राहिला. वडील समुद्रात, आणि दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू. याआधी वालीवला दोन ठिकाणी तो आपटला होता, दोन्हीकडे एकाच प्रश्नावर: आधीचं काम का सोडताय?

दुपारी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई आत मासे साफ करत होती. बाहेरच्या खोलीत येशूच्या तसबिरीपुढे, अल्तारावरचा छोटा दिवा, त्याच्याखाली वडिलांची प्लास्टिकची खुर्ची. मी तिच्यात बसलो, तो स्टुलावर. उंबऱ्यात त्यांचा कुत्रा. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नेहमीसारखं.

"स्वतःबद्दल सांगा," मी आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात सुरू केलं. त्यानं सांगितलं. मग मिस्सा संपल्यावर फादर सूचना देतात त्या आवाजात विचारलं, "तुमच्यातला दुर्गुण कोणता, बाळा?" तो हसत हसत म्हणाला, "तुझी संगत." पाच वर्षांनी कुठे असाल, ते मी बंदरावरच्या लिलाववाल्याच्या आवाजात बोली लावून विचारलं. मस्त चाललं होतं. मग मी विचारलं, "आधीचं काम का सोडताय?" आणि तो बंद.

"अरे बोल ना."

"नाय जमत. कोनी पन विचारलं तरी समोर पप्पाच दिसतात."

आता माझ्यासारख्याला असं सांगायचं असतं का? मी हनुवटी छातीला लावली, घसा खाली ओढला. त्याच्या वडिलांना वाक्याआधी बारीक खोकायची सवय आहे. तसा खोकलो.

"बोट का सोडतोस?"

कुत्रा उठला. शेपटी हलवत खुर्चीपर्यंत आला, माझा पाय हुंगला आणि मागे मागे जाऊन भिंतीला टेकला. मित्र स्टुलावरून उठून उभा राहिला होता. दोन्ही हात बाजूला, मान खाली. मला वाटलं मस्करी करतोय.

"पप्पा," तो म्हणाला, "मला बोट लागते. पहिल्या दिवसापासून लागते. तुम्ही पुढं असलात की मी मागं जाऊन ओकतो."

हे मला माहीत नव्हतं. त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. कोळ्याच्या पोराला बोट लागते, यावर माझ्याकडे लगेच चार जोक तयार होते. मी तोंड उघडलं, आधी खोकला आला, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "माहीत हाय मला. जा तू. बोट मी बघतो."

मी ते ठरवलं नव्हतं. नक्कल करताना मला पुढचं वाक्य आधी ऐकू येतं, मग मी बोलतो. हे मला तुमच्यासारखंच, बोलून झाल्यावर ऐकू आलं.

आतून त्याची आई आली. हात धुतलेले, हातात पाण्याचा ग्लास. "आज कसे काय लवकर आलात?" म्हणत तिनं ग्लास माझ्या हातात दिला. मग चेहरा बघितला. ओरडली नाही. ग्लास माझ्या हातातून काढून घेतला, उंबऱ्याबाहेर पाणी ओतलं आणि हळू म्हणाली, "मानूस समुद्रात असताना त्याचा आवाज घरात काढायचा नाय रे. आता तुज्या आवाजात बोल काय तरी."

"सॉरी मावशी" म्हणायचं होतं. आधी खोकला आला. तोच, बारीक.

घरी गेल्यावर मी मोठमोठ्यानं पेपर वाचला. बहीण म्हणाली, काय चाललंय. आवाज माझाच होता. तरी वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन. "झालं काम. विचारलं त्यांनी. मी सांगितलं, बोट लागते. साहेब हसला, बोलला, आमचं गोडाऊन हलत नाय. एक तारखेपासून जायचंय."

"पप्पांना सांगितलंस?"

"त्यांनी सांगितलं ना जा म्हणून," तो म्हणाला. अगदी सरळ. मी हसायची वाट बघितली, तो हसला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट आली. सगळे सुखरूप. फक्त वडिलांचा आवाज गेला होता. डॉक्टर म्हणाले माशांचा बर्फ, वारा, इंजिनच्या आवाजात ओरडणं, बसतो घसा. मला त्यांच्या घरून बोलावणं आलं.

ते खुर्चीत बसले होते. ओठ हलायचे, त्यातून नुसती हवा यायची. मावशी त्यांच्या तोंडाला कान लावून उभी, मित्र दाराशी.

"ते म्हनतात, तू कोन माज्या खुर्चीत बसून निकाल देनारा?"

"काका, चुकलं."

"ते म्हनतात, गप. तोंड लय चालतं तुजं. ते म्हनतात, पोरगा मागं जाऊन ओकतो ते बापाला दिसत नाय काय? सगळं दिसतं."

मित्रानं मान वर केली. वडील त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते. ओठ भराभर हलत होते, आणि मावशी भराभर बोलत होती. 'ते म्हनतात' तिनं मध्येच कधी सोडलं, कळलं नाही.

"फेरीला निघालो तेव्हापासून घोकत होतो मी. त्याला कसं सांगायचं. इंजिन चालू असलं की कोनाला ऐकू जात नाय, म्हनून मोठ्यानं घोकायचो. परवा दुपारी पन तेच. 'माहीत हाय मला' एवढं निघालं तोंडातून, आनि घसा बंद. पुढचं तू इथं बसून बोलून टाकलंस. मेल्या, आयुष्यात एकदा पोराशी नीट बोलनार होतो. ते पन तूच बोललास. आता मी काय बोलू त्याच्याशी, सांग. बोल ना आता. आता का तोंड शिवलं तुजं?"