साबण नको, म्हणाले मी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, दादाजवळ नाही, ज्या एका मैत्रिणीला मी बाकी सगळं सांगते तिच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघू.

माझ्याबद्दल लोक म्हणतात, मृणाल शांत आहे. शांत वगैरे काही नाही — मी बघत असते. कुणाचा चहा आधी ओतला गेला, कोण कुणाच्या विनोदावर हसलं, बाबांनी पहिली हाक कुणाला मारली. तुम्ही ठेवता का असलं लक्षात? मी ठेवते.

आमचं घर काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत, तळमजल्यावर. बाबांना माशांचा नाद जुना. बैठकीत एक छोटी काचेची टाकी होती आणि तिचं पाणी बदलणं हे बाबांचं आणि माझं काम. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं माझ्या तोंडात. मी ओढायचे, पाणी चढायचं, आणि ते तोंडात यायच्या आत नळी बादलीत सोडायची. चुकलं की मी थू थू करायचे आणि बाबा पोट धरून हसायचे. शाळेतलं सगळं इंग्रजीत घडायचं. ते घरी सांगताना माझी मराठी अडखळायची, मध्येच हिंदीत जायची. नळीच्या कामाला भाषा लागत नव्हती.

मग दादाचं लग्न झालं आणि गौरी वहिनी आली. अमरावतीची. तिच्या वडिलांचं पाईप आणि नळांचं दुकान, त्यामुळे पाना हातात घ्यायला तिला लाज नाही. बोलणं तर असं, की दादा रेल्वेच्या ड्यूटीवर असला तरी घर भरलेलं वाटायचं. "बाबा, तुमच्या काशीत दारात गंगा, आणि नळाला ठणठणाट!" ती म्हणायची, आणि बाबा — माझे बाबा — हसायचे. तस्सेच.

बाबा निवृत्त झाले आणि दोघांनी मिळून मोठ्या टाकीचा घाट घातला. तयार टाकी आमच्या गल्लीच्या वळणावर वळलीच नसती, म्हणून काचा सुट्ट्या आल्या, माणसांच्या खांद्यावरून, समोरची गाय उठेपर्यंत थांबत थांबत. टाकी बैठकीतच जोडली. नळकाम सगळं वहिनीनं केलं. वरच्या टाकीतलं पाणी पाईपातून खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरणार, तिथे आधी स्पंजांतून आणि मग भोकाभोकांच्या चिनी मातीच्या कड्यांतून गाळून निघणार, आणि पंप ते पुन्हा वर चढवणार. दिवसरात्र, आपलं आपण. नळी तोंडात धरायला कुणीच नको.

"का हो पंडितजी, पतोहू से नल बनवावत हउवा?" सुनेकडून नळकाम करवून घेतात म्हणून शेजारच्या काकांनी दारातून टोमणा मारला. बाबा छाती काढून म्हणाले, "मिस्त्री से अच्छा बनाती है!" असं माझ्याबद्दल ते कधी कुणाला म्हणाले होते का? मी खूप आठवून पाहिलं.

मला काम मिळालं ते वाचायचं. फिल्टरबरोबर आलेली माहिती इंग्रजीत होती. मी ती सगळ्यांना मराठीत सांगितली. म्हणजे, सगळ्यांना नाही. आई स्वयंपाकघरात होती. स्पंजावर आणि कड्यांवर हळूहळू तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. ती घाण नाही. त्यात जिवाणू असतात आणि माशांच्या विष्ठेतलं विष तेच संपवतात. म्हणून ते नळाखाली धुवायचं नाही. कधी धुवायचं झालंच तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात, थोडं थोडं. सगळं एकदम तर कधीच नाही. मी हे नीट वाचलं होतं. मला नीट समजलं होतं. इथे जरा थांबते, कारण पुढे मला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय नाही.

श्रावणात वहिनी पहिल्या मंगळागौरीला माहेरी गेली. जाताना माझा गाल ओढून म्हणाली, "तुझ्यावर सोडून चाललेय हं. खायला घाल, बाकी कशाला हात लावू नकोस." गणपती जवळ आले होते. आमच्याकडे गणपतीआधी घरातली एकही वस्तू धुतल्यावाचून सुटत नाही — बरण्या, पाट, विजेची बटणंसुद्धा. बाबा दिवसभर बाहेर होते. आईनं घासत घासत टाकीखालचं ते कपाट उघडलं आणि नाकाला पदर लावला. "अगं बाई! गणपती बसायच्या जागेला लागून ही घाण?" मग तिनं मला विचारलं. मलाच, कारण घरात ते वाचलेली मी होते.

"हे धुतलं तर चालेल ना गं?"

मी म्हणाले, "चालेल."

तिनं साबण उचलला. मी म्हणाले, "साबण नको. नुसत्या नळाच्या पाण्यात चोळ. आणि उन्हात वाळव."

साबण नको म्हणाले मी. का, ते तुम्हाला कळलं असेल. उद्या कुणी विचारलंच, तर मी काळजी घेतली असं दिसावं म्हणून. एवढा विचार एका क्षणात झाला, आणि वरून चेहरा शांत.

मासे लगेच मेले नाहीत. पाणी धुरकट झालं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, कल्ले लाल झाले. बाबा तासन् तास काचेला कपाळ लावून बसायचे. मी त्यांना चहा नेऊन दिला. पहिल्या टाकीतून या मोठ्या टाकीत आणलेला आमचा जुना सोनेरी मासा, जो बाबांच्या बोटांतून दाणे घ्यायचा, तोही गेला. बाबांनी घाबरून टाकी रिकामी केली, स्पंज, कड्या, सगळं फेकून दिलं. फोनवर वहिनी रडत होती. "बाबा, माझंच चुकलं. पाईप जोडायचं सोल्युशन नीट वाळलं नसेल. तेच पाण्यात उतरलं." बाबा तिला एक शब्द रागानं बोलले नाहीत. "असू दे," म्हणाले.

ती परत आली तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं. तिनं मला एकदाच विचारलं, "तू कशाला हात तर नव्हतास ना लावला?" मी म्हणाले, "नाही." खरंच होतं. हात आईनं लावला होता, आणि आईला आजही ठाऊक नाही की तिनं काय केलं. वहिनीनं स्वतःच करवतीनं पाईप कापले. तिला मदत म्हणून मी तुकडे गोणीत भरले.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. वहिनी सवयीनं उठली, पाना आणायला निघाली. बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "राहू दे गौरी, मिस्त्री बोलावू." ती परत खाली बसली आणि भाजी निवडू लागली. मी समोरच होते. सगळं बघत होते.

मला बरं वाटलं.