माझ्या पोटाला नळी

"गेंदा, हिचं पोट बघ गं." नर्सबाई खिडकीशी उभ्या राहूनच म्हणाल्या.

मी टेबलावर आडवी. पोट उघडं. माझ्या आधीच्या बाईच्या पोटाला त्यांनी स्वतः हात लावला होता. लाकडी नळी टेकवून, तिला कान लावून आतल्या बाळाचे ठोके ऐकले होते. आम्ही महार. आमची पाळी आली की ती नळी खिशात जायची आणि फरशी पुसणाऱ्या गेंदाबाईला हाक जायची. ती ओले हात पदराला पुसून माझ्या पोटावर ठेवायची. "हिल रियो हे, बाई," म्हणायची. हलतंय. बिचारी दुसरं काय म्हणणार? तिला नोकरी टिकवायची होती. "ठीक. ऊठ." झाली तपासणी.

परदेशीपुऱ्यातला मिलवाल्यांचा दवाखाना तो. राजाचं संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं होतं. शिवाशिव कायद्याने बंद झाली, असं दवाखान्याच्याच भिंतीवर रंगवलेलं होतं. आत यायला मनाई नव्हतीच. आत घेऊन दूर ठेवायचे.

नववा लागला आणि बाळाचं हलणं कमी झालं. माझ्या जिवाला घोर लागला. दवाखान्याचं काही ठरलेलं नसे. एका खेपेला डॉक्टरीणबाई दारातून सांगायच्या, चालत राहा. पुढच्या खेपेला नर्सबाई सांगायच्या, पडून राहा. कधी नुसतंच कुलूप. मी दोन्ही करायचे. घरकाम उरकायचं, मग आडवं होऊन पोटावर गार पाण्याचा तांब्या टेकवायचा. गारवा लागला की बाळ लाथ मारायचं. तेवढ्या लाथेवर माझा दिवस निघायचा.

एका दुपारी तांब्या टेकवला. काढला. परत टेकवला. काही नाही. माझे मालक मिलमध्ये कामावर होते. मी एकटीच दवाखान्यात गेले.

गेंदाबाईने हात ठेवला. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. तरी खिडकीकडे बघून ती म्हणाली, "हिल रियो हे, बाई."

"ठीक. ऊठ."

मी उठले नाही.

"नळी लावा," मी म्हणाले.

"काय?"

"तुमची नळी. माझ्या पोटाला लावा. नाहीतर मी इथून उतरत नाही."

"फार माजलात तुम्ही लोक."

मी टेबलाच्या कडा घट्ट धरल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण उतरले नाही. बाहेर थांबलेल्या बाया दारात गोळा झाल्या, तशा नर्सबाई नाइलाजाने आल्या. नळी टेकवली. कान लावला. नळी सरकवली. परत कान लावला. अजून खाली, मग बाजूला. मग नळी ठेवून दिली आणि दोन्ही हातांनी माझं पोट चाचपायला लागल्या. सगळीकडे. घाईघाईने.

त्यांचे हात लागले आणि मला कळलं.

मुलगा होता. पुरा वाढलेला, डोक्यावर दाट जावळ. अजून जेवता जेवता पोटात काहीतरी हलल्यासारखं होतं आणि घास हातातच राहतो. त्याचे ठोके चालू होते तेव्हा ऐकायला कोणी वाकलं नाही. नशीब म्हणून माझी समजूत घालायला आलेल्यांना मी घराबाहेर काढलं. नशिबाने नाही, माणसांनी मारलं त्याला.

अंगात उभं राहण्याइतकी ताकद आली तशी मी परत तिथे गेले. शेजारची सुमन सातव्या महिन्यात होती, तिला घेऊन. नर्सबाईंनी सवयीने गेंदाला हाक मारली.

"मावशी, तुम अपना काम करो," मी गेंदाबाईला म्हणाले आणि सुमनच्या उशाशी उभी राहिले. "हिला तुम्ही तपासायचं, बाई. हात लावून. त्याशिवाय आम्ही टेबल सोडणार नाही."

तेव्हापासून आमच्या वस्तीतली एकही गरोदर बाई तिथे एकटी गेलेली नाही. मी बरोबर जाते. नर्सबाई वाकेपर्यंत हलत नाही.