ऐकलेलं राहतं

शेजारचे गृहस्थ गॅलरीत बसून आपल्या लहान मुलीच्या तळहातावर बोटाने 'कमळ' लिहीत होते. एकेक अक्षर काढायचे आणि मोठ्याने म्हणायचे. गुदगुल्या होऊन हसत ती पाठोपाठ म्हणायची. शब्द मनात शिरायला किती वाटा असतात! मी शाळेत शिकवत होते तेव्हा मला मात्र फळ्यावरची एकच माहीत होती.

दुसरीतली सुमन धडा घडाघडा वाचायची. एकदा मी सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर तिला तो वाचता येईना. अख्खा धडा तिने इतरांचा ऐकून पाठ केला होता.

"फसवतेस होय मला?" मी ओरडले. वर्ग हसला.

ती हळूच म्हणाली, "बाई, ऐकलेलं राहतं. बघितलेलं पुसून जातं."

इतकं नेमकं तिने सांगितलं, आणि मी तिला तास संपेपर्यंत उभं केलं. तिच्या कानात होतं तेच शब्द-शब्द लिहून दाखवलं असतं, तर कदाचित ती वाचायला शिकली असती.

त्यानंतर मी उठवलं, की ती पुस्तकाकडे बघत गप्प उभी राहायची. पाठ असलेलंही तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.