अडकलेलं चित्र

माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तो आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि एकालाही कळला नाही. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय, आणि दर वेळी सांगताना माझाच त्यावर विश्वास बसत नाही. त्या खोलीत माझी नणंदही होती. खरी गोष्ट तिची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी.

घरात मी तिला थट्टेने वन्सं म्हणते, ती मला वहिनी. बाकी आमचं अगंतुगंच. माझ्या नवऱ्याची ती धाकटी बहीण; तो तिला छोटी म्हणतो. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, "बिघडलेली वस्तू मी दुरुस्त करते गं, बिघडलेली माणसं माझ्याच्याने होत नाहीत." आम्ही दोघी एकाच विमा कंपनीत. मी दाव्यांच्या विभागात, ती कॉम्प्युटर विभागात. ऑफिसात तिला डबीबाई म्हणतात.

डबीचं असं, की आमच्या टेबलांवर कॉम्प्युटर नाहीतच. पडदा आहे, कीबोर्ड आहे, आणि पडद्यामागे जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी. खरा कॉम्प्युटर दूर कुठल्या तरी इमारतीच्या तळघरात असतो; आमचं सगळं काम तिथे चालतं, आणि डबी आम्हाला त्याचं नुसतं चित्र दाखवते. खर्च वाचतो म्हणून वरच्या साहेबांनी हे आणलं. पत्रं लिहायला, आकडे भरायला डबी उत्तम. पण व्हिडिओवर मीटिंग सुरू झाली की सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. आधी आवाज, मागून ओठ, म्हणजे वरातीमागून घोडं. आणि दर दोन वाक्यांनंतर कुणाचा तरी चेहरा जिथल्या तिथे थिजायचा. "अडकलं चित्र, येईल परत," असं म्हणून आम्ही पुढे बोलत राहायचो. इतकी सवय झाली होती की थिजलेल्या चेहऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नसे.

वन्संला मात्र हे जिव्हारी लागायचं. तिच्या हातातलं यंत्र अडलं म्हणजे कुणी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले असं तिला वाटतं. घरातला जुना पंखा तिने इतक्या वेळा उघडलाय की तो आता आमच्यापेक्षा तिला जास्त ओळखतो. त्यात माझा नवरा तिला छळायला टपलेला. तो याच कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या छोट्या शाखेचा प्रमुख. आठवडाभर तिथे राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्याच्या शाखेची लाइन सगळ्यांत कमजोर, त्यामुळे सगळ्यांत जास्त वेळा तोच अडकायचा. आणि चित्र नीट चालू असलं की मुद्दाम अडकायचा. तोंड अर्धवट उघडं ठेवून, हात हवेत तसाच धरून पुतळ्यासारखा बसायचा. इकडे बहिणीची धावपळ. ती सेटिंगात डोकं घालणार तोच तिकडून हा "भ्यॉ!" करून हसणार. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण बहिणीसमोर वय आठच.

एकदा वरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "बाई, हे असंच चालायचं का?" त्या दिवसापासून ती त्या बिघाडाच्या हात धुऊन मागे लागली. जेवताना, भाजी निवडताना मला समजावून सांगायची, कारण ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणाली, "वहिनी, दादा तिकडून बोलतो ना, तो चेहरा सरळ आपल्याकडे येतच नाही. आधी तळघरात जातो, तिथलं मशीन तो उलगडतं, परत काढतं आणि मग आपल्याकडे पाठवतं. सगळ्यांचे चेहरे एकच मशीन काढणार. दमणार नाही तर काय!"

"म्हणजे द्राविडी प्राणायाम," मी म्हटलं.

"तोच. आता मी चेहरे तळघरात जाऊच देणार नाही. मोठ्या मशीनने खिडकीत नुसती रिकामी चौकट सोडायची. चित्र डबीने थेट डबीकडून घ्यायचं आणि त्या चौकटीत बसवायचं."

बोलायला सोपं, पण त्यापायी तिने महिने घातले. जुन्या डब्यांना ते झेपेना म्हणून त्या बदलून घेतल्या. उरलेल्यांत नवा प्रोग्रॅम टाकला. चित्र गरजेपुरतंच मोठं ठेवलं, आवाजाला लाइनवर पहिला मान दिला. शेवटी भावाच्या शाखेत जाऊन स्वतः राहिली आणि तिथली वायर न् वायर तपासून आली. परत आली ती चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद घेऊन. "आता दादाने नाटक केलं तरी मी फसणार नाही," म्हणाली. "आता चित्र अडकूच शकत नाही."

त्यानंतरची पहिली मोठी मीटिंग. लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर शाखाशाखांचे चेहरे. वरचे साहेब अध्यक्षस्थानी. वन्सं कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेली, परीक्षेला बसल्यासारखी. आणि खरंच, काय ते चित्र! माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लटकतंय हे मला इथून दिसलं. ओठ आणि आवाज हातात हात घालून चालत होते. साहेबांनी वन्संकडे बघून मान डोलावली.

माझा नवरा आपल्या शाखेतले दावे सांगायला लागला. एका गोदामाच्या आगीचं सांगत होता. "मालक म्हणतो, माल पूर्ण..." इतकं बोलला आणि थांबला. तोंड अर्धवट उघडं. एक हात टेबलावर, नजर जरा बाजूला.

"अडकलं," कुणीतरी म्हणालं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" टेबलाच्या टोकाचे हिशेबनीस म्हणाले, आणि खोलीत हशा पिकला.

मी वन्संकडे वाकून म्हटलं, "अगं, नाटक करतायत. लक्ष देऊ नकोस." तीही गालात हसली. पण तो "भ्यॉ" काही येईना. साहेबांची बोटं टेबलावर वाजायला लागली आणि वन्संचं हसू मावळलं. "दोन मिनिटं, सर. आत्ता दुरुस्त करते," असं म्हणून ती लॅपटॉपवर तुटून पडली.

मी तिच्या शेजारी होते. तिच्या पडद्यावर आकडे पळत होते आणि ती पुटपुटत होती. लाइन नीट. आवाज नीट. चित्र येतंय, एकही तुकडा गळत नाही. "खोटं बोलतंय मेलं!" ती म्हणाली. जगात फक्त तिलाच पक्कं माहीत होतं की चित्र अडकू शकत नाही, आणि तीच ते सोडवत बसली होती. मला यातलं हेच पचत नाही. आम्हा बाकीच्यांचं सोडा, आम्ही अडाणी.

शेवटी तिने त्याचं चित्र बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. चौकट काळी झाली. मग तो परत आला. तसाच. तेच अर्धवट उघडं तोंड, तीच बाजूला लागलेली नजर. फक्त ओठाच्या एका कडेतून लाळ हनुवटीवर ओघळली होती.

आणि त्या चित्राने पापणी लववली.

"वहिनी," वन्सं म्हणाली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "चित्र अडकलेलं नाहीये."

मी उभी राहिले आणि त्याच्या नावाने ओरडले, पण माझं ओरडणं त्याच्या कानातल्या हेडफोनमध्येच जाणार होतं. शाखेतली बाकीची माणसं मोटारीच्या नुकसानीची पाहणी करायला बाहेर गेलेली. खोलीत तो एकटा. मोबाइल वाजत राहिला. तो त्याच्या हाताशीच पडलेला आम्हाला दिसत होता, उजळत आणि विझत. अख्खं ऑफिस बघत होतं आणि कुणालाही काही करता येत नव्हतं. आयुष्यात इतकं लख्ख मी काही पाहिलं नाही, आणि इतकी असहायही कधी झाले नाही.

वन्संने तेवढ्यात तिकडच्या डबीचा ताबा घेतला. आवाज हेडफोनमधून काढून पडद्याच्या स्पीकरवर टाकला, पूर्ण वाढवला, आणि लॅपटॉपमध्ये तोंड घालून किंचाळली, "डॉक्टर! शेजारचे डॉक्टर! धावा! माझ्या दादाला काहीतरी झालंय!" तिथे राहून आल्यामुळे तिला ठाऊक होतं, की शाखेच्या पातळ भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना आहे. ती किंचाळत राहिली. घसा फाटला तरी थांबली नाही.

दार उघडलं. हातमोजे घातलेला एक माणूस आत आला आणि त्याच्यामागे मदतनीस बाई. त्यांनी नवऱ्याला खुर्चीतून उतरवून जमिनीवर कुशीवर झोपवलं, म्हणजे आमच्या चौकटीबाहेर नेलं. मग आम्हाला फक्त रिकामी खुर्ची दिसत राहिली आणि डॉक्टरांचा फोनवरचा आवाज ऐकू येत राहिला. "हो, झटकाच वाटतोय. डावी बाजू. लगेच गाडी पाठवा."

ते दातांचे डॉक्टर होते म्हणून वाचलो असं मी म्हणते, लोक हसतात. पण नवरा वेळेत मोठ्या दवाखान्यात पोहोचला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं, म्हणून माझं कुंकू शाबूत राहिलं. आम्ही दोघी निघालो तेव्हा वरचे साहेब दारापर्यंत आले. बिचारे गोंधळले होते, काहीतरी धीराचं बोलावं म्हणून बोलले, "काळजी करू नका बाई. आणि तुमचं चित्र मात्र एकदाही अडकलं नाही हं." वन्संने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी तिचा दंड धरून तिला ओढतच बाहेर नेलं.

नवऱ्याला घरी आणलं. डावा हात लुळा, जीभ जड. वन्संने लांब रजा टाकली. भावाचा हात तिने बिघडलेल्या यंत्रासारखाच अंगावर घेतला: तेल लावायचं, बोटं एकेक करून उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. हळूहळू बोटं हलली. शब्द आले, तुटक तुटक. पण त्या दिवसाचा विषय घरात कुणी काढायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं. मला वाटायचं, त्याला काही आठवत नसेल तर बरंच. वन्संच्या मनात मात्र ते कुरतडत होतं. परवा दुपारी बोटं चोळता चोळता तिने विचारलंच.

"दादा, तेव्हा तुला काही कळत होतं का रे?"

"सगळं," तो म्हणाला.

ती खालीच बघत राहिली. "आम्ही हसलो ते?"

"हो." तो थोडा हसलाही, एका बाजूने. "हिशेबनीस... जोरात."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण बसून राहिले. वन्सं म्हणाली, "मग हाक का नाही मारलीस? काहीतरी करायचंस. नुसता हुंकार दिला असतास तरी..."

तो बराच वेळ शब्द गोळा करत होता. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात मी मला दिसत होतो, असं तो म्हणाला. छोटासा. मी हात हलवला असं मला वाटलं, पण तिथला मी हललोच नाही. त्याला हे सांगायला किती वेळ लागला! मध्ये त्याने पाणी मागितलं, मी पाजलं, आणि मग त्याने उरलेलं सांगितलं.

"मलाही वाटलं... चित्रच अडकलंय," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना... दोन मिनिटं. म्हटलं, छोटी करतेय दुरुस्त. म्हणून मी... वाट बघत बसलो."