बाभळीत अडकलेला चमचा

धुळवडीच्या सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत न्हाईत हो..." एवढंच त्या बोलल्या, आणि पुढं कितीतरी वेळ नुसता पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. भिंगारला त्या दिवशी त्यांच्या गल्लीत नळाची पाळी होती. मी पोचलो तेव्हा अंगणातला हौद भरून वाहत होता आणि नळ बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. निवृत्ती आत पाठ फिरवून झोपल्यासारखा पडला होता. मी आधी जाऊन नळ बंद केला. मग आत गेलो. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही.

त्या हौदापाशी आमची अर्धी मैत्री झाली. निवृत्ती खर्ड्याकडचा. आईबाप उसाच्या तोडीला जायचे, त्यांच्याबरोबर हा नदीकाठच्या खोप्यांवर वाढला आणि तिथंच मासे धरायला शिकला. पुढं भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागला. मी शाळामास्तर. गळ टाकायचा नाद मला चाळिशीनंतर लागला, तोही शहरातल्या दुकानाची काच बघून. काय एकेक नकली मासोळ्या होत्या! निळ्या, सोनेरी, डोळे लावलेल्या. किंमत ऐकून मी मुकाट बाहेर आलो, आणि कुणीतरी म्हणालं, भिंगारच्या फिटरकडे जा, तो घरी बनवतो. निवृत्ती त्यांना 'खोटी' म्हणायचा. झिजलेल्या स्लीपरच्या तळव्याची बेडकी, दात घासायच्या ब्रशच्या दांडीची मासोळी, आणि चमच्याचं पातं. तयार झालं की दोऱ्याला बांधून हौदात सोडायचं आणि हळूहळू ओढायचं. सरळ आलं तर बाद. लंगडत, डुलत, मार खाल्लेल्या मासोळीसारखं आलं तरच डब्यात जागा. आम्ही दोघं टोणगे हौदावर वाकून तासन्‌तास त्या डुलण्याकडे बघत बसायचो. पाण्यात ऊन हलायचं, वहिनी मागून ओरडायच्या, "प्यायचं पानी हाय त्ये!"

"रंग मानसाला दिसत्यात मास्तर," तो म्हणायचा. "गढूळ पान्यात मरळीला निस्ती थरथर कळती. आधी इचारायचं, मरळ बसलीया कुठं. मंग तिला काय पायजे. आपल्याला काय आवडतं, त्ये समद्यात शेवटी." तीन खोटी पुरेत, असा त्याचा हिशेब: एक पाण्यावर चालणारं, एक मधून जाणारं, एक बुडणारं. मला मात्र तेरा हवी असायची. आणि माझ्या त्या हावरटपणानंच घात केला.

झालं असं की नवे चमचे पातळ, हौदात सरळ यायचे. एकदा वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी त्यांच्या ताटाळ्यातून एक जुना, जाडजूड चमचा उचलला आणि म्हणालो, "हा बघ, हा डुलेल." निवृत्तीनं करवत चालवली, दांडी उडवली, भोक पाडलं. पातं पालथं केलं तेव्हा दोघांनाही दिसलं. बारीक टिंबांची अक्षरं: 'चि. सुमन हीस, आईकडून'. लग्नातले सहा चमचे. वहिनींची आई त्यांच्या लग्नानंतर वर्षभरातच गेली होती... आमच्याकडे भांड्यांवर नावं घालतात ती कशासाठी, हे वर्गात पोरांना शिकवणारा मी माणूस. चमचा उचलताना पालथा करून बघितला नाही.

आणि कहर म्हणजे हौदात तो असा डुलला, असा डुलला, की मला राहवेना. "एकदाच टाकू," मी म्हणालो. मुळा धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळी आहेत. तिसऱ्याच फेकीला चमचा बाभळीत अडकला आणि दोरा तुटला. निवृत्ती कपडे काढून छातीभर पाण्यात उतरला आणि दिवस कलेपर्यंत चाचपत राहिला. येताना स्कूटरवर एवढंच म्हणाला, "उन्हाळ्यात पानी हटंल. मंग बघू." मी वहिनींना काही सांगितलं नाही. भ्यालो, दुसरं काय.

त्याच हिवाळ्यात माझी बायको गेली. मी घरात बसलो तो बसलोच. दाढी वाढली, पेपर घडीसकट पडून राहायचे. लोक येऊन समजुतीचं बोलून जायचे. मला त्यांचा राग यायचा. मे महिन्यात निवृत्ती आला. बसला नाही, समजूत घातली नाही. दारातूनच म्हणाला, "चला मास्तर. पानी हटलंय. चमचा हुडकायचा हाय." आता याला नाही कसं म्हणणार? चमचा मीच घालवला होता. गेलो. भेगाळलेल्या गाळात काळ्या बाभळी उभ्या होत्या, फांद्यांवर कुणाकुणाचे दोरे, गळ लोंबत होते. आमचा चमचा नव्हता. पुढच्या मेमध्ये पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. ते पांढरं ऊन, लांब सरकलेलं पाणी, पुढं चालणारी त्याची पाठ... आता आठवतं तेव्हा ते सगळं एकच लांबलचक दुपार वाटतं.

निवृत्तीच्या तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. चमचा मी उचलला, मी हरवला, निवृत्तीचा दोष नाही. त्या चहा ढवळत होत्या.

"मला म्हाईतंय की," त्या म्हणाल्या. "त्याच सांजंला सांगितलं ह्यांनी. म्हनले, मीच कापला. दोन दिस बोलले न्हाई मी. मंग म्हनलं जाऊ द्या, आई काय चमच्यात बसलीया व्हय?"

"मग दर वर्षी शोधायला कशाला..."

"म्या बी त्येच इचारलं. तर म्हनले, मास्तर घरात रुतून बसलाय. त्येला भाईर काढायचा तर गळाला दुसरं काय लावू?"

मला काही दिसेना. उठून हौदापाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारलं. काठावर दोऱ्याला बांधलेली एक अर्धवट बेडकी तशीच होती. वहिनी कपबशी घेऊन मागं आल्या. बशीत चमचा होता. मी तो पालथा केला. तीच टिंबांची अक्षरं. उरलेल्या पाचांतला एक.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मे लागंल आता. जानार न्हवं? चमचा घावला न्हाई अजून."

जाईन म्हणालो.